दुसऱ्याच्या वहीतील नोंद

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. वाळूजच्या बजाजनगरातील एका घरात रात्री दहाच्या सुमारास सूनबाई संगणकावर खरेदीची बिले चढवीत बसल्या होत्या. जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबरची. दिवसा दुकान आणि स्वयंपाकघर यांतून सवड नाही, म्हणून हे काम रोज रात्रीचेच. एकाएकी पडद्यावरील आकडे थिजले. माउसचा बाण हलत होता, पण खाते उघडेना. पंख्याच्या घरघरीत मिसळून आणखी एक आवाज ऐकू येऊ लागला. टक्, टक्, मग थोडी शांतता, पुन्हा टक्. भिंतीवरच्या घड्याळाचा असावा म्हणून त्यांनी वर पाहिले. घड्याळ तर महिनाभर बंदच होते.

हे घर मूळचे वैजापूर तालुक्यातले. गावात किराणा आणि धान्याचे दुकान होते. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि नगर रस्त्याच्या दुतर्फा लहानमोठे कारखाने उभे राहू लागले, तेव्हा घरचे कर्ते गृहस्थ, ज्यांना आज सगळे बाबूजी म्हणतात, येथे आले आणि नट-बोल्ट, बेअरिंग, व्ही-बेल्ट यांचे दुकान त्यांनी थाटले. पहिली पंचवीस वर्षे व्यवहार लाल कापडी बांधणीच्या वह्यांत चालला. पुढे टॅली आली, वह्या पेटीत गेल्या आणि सारा हिशेब घरातील संगणकाच्या हार्ड डिस्कवर राहू लागला. तीच डिस्क आता नऊ वर्षांची झाली होती. तिच्यावर बारा वर्षांची खाती होती, दोन लग्नांची छायाचित्रे होती आणि 'दादी' नावाच्या एका फोल्डरमध्ये चौदा ध्वनिमुद्रणे होती. बाबूजींच्या पत्नी सहा वर्षांपूर्वी निवर्तल्या. त्यापूर्वीच्या उन्हाळ्यात नातवाने फोन समोर ठेवून त्यांना बोलते केले होते. मारवाडी आणि मराठी यांच्या मिश्र बोलीत त्यांनी पापडाची कृती सांगितली होती, माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगितली होती, लग्नानंतर बैलगाडीतून वैजापूरला आल्याचा प्रवास सांगितला होता. फोन नंतर बदलला. ध्वनिमुद्रणे संगणकात उतरवून ठेवली होती, म्हणून कोणाला काळजी वाटली नाही.

टकटक ऐकून सूनबाईंच्या यजमानांनी जे केले, ते बहुतेक घरांत होते तेच. संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू केला. सुरू व्हायला वीस मिनिटे लागली. मग कोणीतरी पूर्वी सांगितलेले आठवून त्यांनी विंडोजमधील चेकडिस्क या सोयीला डिस्क तपासून दुरुस्त करण्याची आज्ञा दिली आणि ते झोपायला गेले. रात्रभर टकटक चालू राहिली. सकाळी पडद्यावर एवढीच सूचना होती की सुरुवात करण्याजोगे कोणतेही साधन सापडत नाही.

"घाबरायचे कारण नाही," ते म्हणाले, "बॅकअप आहे. मी दर महिन्याला सगळे डी ड्राइव्हमध्ये उतरवून ठेवतो."

नातू अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला. तो जरा थांबून म्हणाला, "पप्पा, सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग आहेत."

घरात क्षणभर कोणी बोलले नाही. एकाच तिजोरीच्या दोन किल्ल्या एकाच जुडग्यात अडकवून निर्धास्त राहावे, तसे इतकी वर्षे झाले होते.

रविवारी रांजणगाव शेणपुंजीहून एक तरुण आला. तो एका कारखान्यात देखभाल विभागात नोकरीला होता. शेजाऱ्यांच्या ओळखीने आला होता. चहा घेण्यापूर्वी त्याने दोन प्रश्न विचारले. आवाज सतत येतो की थांबून थांबून? आणि बिघाड झाल्यापासून किती वेळा संगणक चालू केला? चेकडिस्कचे ऐकून त्याचा चेहरा उतरला, पण त्याने दोष दिला नाही.

"शेठजी, टकटक अखंड असती तर मी डिस्कला हातच लावला नसता," तो बाबूजींना म्हणाला. "तशी डिस्क धूळविरहित खोलीत उघडावी लागते. ते काम प्रयोगशाळेचे. ही अजून अधूनमधून वाचू पाहते आहे. पण आधी खात्री करू की आजारी डिस्कच आहे, दुसरे काही नाही."

त्याची रीत वैद्यासारखी होती. स्वस्त आणि निरुपद्रवी कारणे आधी वगळायची. त्याने संगणकाची एक बाजू उघडली. वाळूजच्या उन्हाळ्याची आणि कारखान्यांची धूळ आत थरांनी साचली होती. डिस्कला माहितीची ने-आण करणारी जी चपटी सॅटा केबल असते, ती त्याने काढून दुसरी लावली. कारण सैल वा खराब केबलनेही संगणक असाच थिजतो. मग वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची दुसरी तार वापरून पाहिली. कारण विजेचा दाब कमी-जास्त झाला तरी डिस्क नीट फिरत नाही आणि पुन्हापुन्हा उभी राहण्याचा प्रयत्न करते. दोन्हींनी फरक पडला नाही. तेव्हा डिस्क बाहेर काढून त्याने ती आपल्या संगणकाला जोडली आणि तिच्यात लिहिण्यास मज्जाव करून केवळ वाचण्याची मुभा ठेवली.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची एक नोंदवही बाळगते, तिला स्मार्ट म्हणतात. त्या नोंदवहीतील दोन रकाने त्याने सर्वांना दाखविले. डिस्कचा पृष्ठभाग सेक्टर नावाच्या अतिलहान कप्प्यांत विभागलेला असतो. खराब झालेले किती कप्पे सोडून त्याऐवजी राखीव कप्पे वापरले, हा पहिला रकाना. किती कप्पे वाचताना अडखळायला होते आणि त्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे, हा दुसरा. दोन्ही शून्य असावेत. येथे दोन्ही शेकड्यांत होते. केबलचा दोष दाखविणारा रकाना मात्र स्वच्छ होता. निदान झाले होते.

"आतमध्ये काय होत असते?" बाबूजींनी विचारले.

तरुणाने समजावून सांगितले. डब्यात आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात आणि घरगुती संगणकात त्या बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. त्यांच्यावर वाचणारे टोक, ज्याला हेड म्हणतात, ते तबकडीला न टेकता हवेच्या पातळ थरावर तरंगते. हे अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असते. धुळीचा एक कण, एक धक्का किंवा झिजलेले हेड, यांपैकी काहीही पुरते. हेडला आपली जागा सापडली नाही की ते मागे जाते आणि पुन्हा प्रयत्न करते. त्याचाच तो टक् असा आवाज. पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली रॅमॅक नावाच्या यंत्रात बसविली. तिला चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सामावणारी अक्षरे होती सुमारे पन्नास लाख. आज हातात मावणाऱ्या डब्यात त्याच्या लाखो पट मावते. जितके जास्त मावते, तितके एका वेळी जातेही.

चेकडिस्कविषयीही त्याने सांगितले. ती सोय डिस्क धडधाकट आहे असे मानून फायलींची मांडणी सुधारते. आजारी डिस्कवर ती चालविणे म्हणजे हृदयविकाराच्या रुग्णाला जिना चढवून त्याची नाडी पाहणे. रात्रभर सारी डिस्क वाचली गेली आणि वर तिच्यात लिहिलेही गेले. शंका आली की यंत्र बंद करावे, दुरुस्तीच्या फंदात पडू नये आणि प्रथम प्रत काढून घ्यावी. दुरुस्तीचे प्रयोग नंतर त्या प्रतीवर करावेत. शीतकपाटात डिस्क ठेवण्याचा जो उपाय काही लोक सांगतात, त्याने आत दव धरते आणि उरलीसुरली आशाही जाते.

आता मुख्य प्रश्न आला. संपूर्ण डिस्कची प्रत काढण्यास रात्र आणि कदाचित दुसरा दिवस लागणार होता. त्याआधी एखादे लहान फोल्डर वेगळे काढता आले असते. "डिस्क किती वेळ साथ देईल ते सांगता येत नाही," तरुण म्हणाला. "आधी काय काढू?"

"आधी हिशेब," बाबूजी लगेच म्हणाले. "सरकारचे देणे आणि लोकांचे देणे त्यात आहे. आपले घरचे नंतर."

या घरात बाबूजींच्या शब्दापुढे सहसा कोणी जात नाही. पण सूनबाई बी. कॉम. आहेत आणि ती खाती त्यांच्या हातची आहेत. त्या दाराशी उभ्या होत्या. हळू आवाजात त्या म्हणाल्या, "बाबूजी, आपण जो माल विकला त्याची नोंद घेणाऱ्याच्या वहीत आहे. जो घेतला त्याची नोंद विकणाऱ्याने भरलेल्या विवरणात आहे, ती जीएसटीआर-२बीमध्ये दिसते. पैशांची नोंद बँकेत आहे. सप्टेंबरपर्यंतची खाती सीए साहेबांकडे दिलेली आहेत. हिशेब गेला तर मी महिनाभर बसून पुन्हा उभा करीन. मम्मीजींचा आवाज दुसऱ्या कुणाच्या वहीत आहे?"

बाबूजी बराच वेळ डिस्ककडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे बेटा. आधी ते काढा."

व्यापाऱ्याच्या हिशेबाची ही ताकद फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. रोजमेळावरून खतावणी पुन्हा उभी करता येते. आपली वही गेली तर समोरच्याच्या वहीवरून ताळा घालता येतो. प्रत्येक व्यवहार दोन घरांत लिहिला जातो, म्हणून तो टिकतो. बँकांत संगणक आले तेव्हा हेच तत्त्व तेथेही आले. दिवसअखेरची प्रत काढायची आणि ती त्याच शाखेत न ठेवता दुसऱ्या इमारतीत पाठवायची, ही शिस्त त्यातूनच रुजली. आग लागली, पूर आला तरी दोन्ही जागा एका वेळी जाऊ नयेत. घरच्या आठवणींचे मात्र असे दुहेरी खाते कोणी ठेवीत नाही.

'दादी' फोल्डर काढायला दोन तास लागले. प्रत्येक फाइल उतरली की नातू कागदावर खूण करी. काही फाइली झरझर आल्या, काहींपाशी डिस्क अडखळली, टकटकली, थांबली. चौदापैकी अकरा संपूर्ण आल्या. तीन आल्या नाहीत.

मग तरुणाने संपूर्ण डिस्कची प्रत काढायला घेतली. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचे विनामूल्य साधन त्याने वापरले. त्याची चाल शहाण्या माणसाची आहे. वाटेत अडचणीचा कप्पा आला की ते तेथे डोके आपटीत बसत नाही. तो भाग सोडून पुढे जाते, सोपे ते सारे आधी पदरात पाडून घेते आणि शेवटी अवघड जागांकडे वळते. कोठपर्यंत आलो, याची टिपण वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. त्यामुळे मध्येच थांबले तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. सोमवारी दुपारपर्यंत जवळजवळ सारे नव्या डिस्कवर उतरले. त्यानंतर जुनी डिस्क एकदा बंद केली ती पुन्हा उभी राहिली नाही. छायाचित्रे आली, जुन्या वर्षांची खाती आली. चालू वर्षाचे खाते मात्र उघडेना. त्यातील नेमके हवे ते कप्पे वाचले गेले नव्हते. ती तीन ध्वनिमुद्रणेही गेली ती गेलीच.

सूनबाईंनी दिलेला शब्द खरा करण्याची वेळ आली. सप्टेंबरपर्यंतचे खाते सीए साहेबांच्या कार्यालयातून आणले. पुढील विक्री स्वतः भरलेल्या जीएसटीआर-१वरून, खरेदी २बीवरून, जमा-नावे बँकेच्या उताऱ्यावरून चढविली. रोख खर्चासाठी दुकानातील खिळ्याला अडकवलेल्या पावत्या कामी आल्या. तीन आठवडे घरात रात्री एकपर्यंत दिवा जळत होता. बाबूजी चष्मा लावून शेजारी बसत आणि बिले वाचून दाखवीत. चाळीस वर्षे ज्या माणसाने हिशेब तपासला, तो आता सांगकाम्यासारखा आकडे सांगत होता आणि त्याला त्यात उणे वाटत नव्हते. विवरणपत्र मुदतीआधी चार दिवस भरले गेले. कायद्याने ही कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. हे सूनबाईंना पूर्वीही ठाऊक होते, पण डिस्क तितकी जगेलच असे नाही, हे त्या आता शिकल्या.

याच दिवसांत एका रात्री नातवाने विचारले, "बाबूजी, एवढी मोठी डिस्क, एवढे साधेसुधे काम तिचे. तिने आधी सांगितले का नाही?"

उत्तर त्यानेच पुढे शोधून काढले. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्या लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तपासणीत पहिली चूक आढळल्यापासून साठ दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते, असे त्यात दिसले. म्हणजे इशारा मिळाला तर दिवस थोडे असतात. पण त्याच अभ्यासात हेही दिसले की बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिकांनी स्मार्टच्या मुख्य चार रकान्यांत कसलीच खूण दाखविली नव्हती. सगळेच पाहुणे निरोप घेऊन जात नाहीत.

बाबूजींना यावरून वेगळेच आठवले. त्यांच्या कपाटात षट्खंडागमाचे काही भाग आहेत. ते म्हणाले, "हा ग्रंथ आज आपल्या घरात आहे, तो कसा आला माहीत आहे? शेकडो वर्षे त्याची ताडपत्रे कर्नाटकात मूडबिद्रीलाच होती. लोक दर्शन घेत, पण वाचीत नसत. पाने किडत होती. मग सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद यांनी मनावर घेतले आणि नक्कल करायला लावली. गजपती उपाध्यायांसारख्यांनी वर्षानुवर्षे बसून ती केली. पुढे एक नक्कल सहारनपूरला गेली, तिच्यावरून आणखी नकला झाल्या. १९३९ साली अमरावतीहून हिरालाल जैनांनी पहिला भाग छापला. जपून ठेवले म्हणून तो उरला, हे खरे. पण उतरवून बाहेर दिला, म्हणून आपल्यापर्यंत आला."

एवढे बोलून ते गप्प झाले. थोड्या वेळाने त्यांनी जालन्याला मुलीला फोन लावला. ध्वनिमुद्रणांची बातमी तिला अजून कोणी सांगितली नव्हती.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "बाबूजी, पापडांचे तर माझ्याकडे आहे ना. त्या वर्षी मी मम्मीला कृती विचारली होती, तेव्हा पाठवले होते तुम्ही लोकांनी. दर उन्हाळ्यात लावते मी."

तीनपैकी एक असे परत आले. आवाज थोडा दबलेला, पण संपूर्ण. माहेरच्या विहिरीची गोष्ट आणि बैलगाडीतला प्रवास ही दोन कोणी मागितली नव्हती, म्हणून कोणाला पाठविली नव्हती. ती कायमची गेली. घरात ती इतकी जपून ठेवली होती की नातवाखेरीज कोणी धड ऐकलीही नव्हती. नातवाला प्रवासातले एवढेच आठवते की वाटेत एका ओढ्याला पाणी होते आणि दादीने लुगडे भिजू नये म्हणून गाडीच्या साट्यावर उभे राहून तो पार केला होता. त्याने ते एका कागदावर लिहून ठेवले आहे.

त्या घरात आता एक नियम आहे. तज्ज्ञ मंडळी तो तीन-दोन-एक असा सांगतात. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर. संगणकात आता फिरती तबकडी नसलेली एसएसडी आहे. ती वेगवान आहे, पण बिघडताना टकटकही करीत नाही, असे तो तरुण बजावून गेला. दर शनिवारी रात्री दुकान बंद झाल्यावर खात्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली जाते आणि लगेच तिची तार काढून ठेवली जाते. जोडलेली राहिली तर विजेचा एक झटका किंवा एक विषाणू दोन्हींचा घास घेईल. दुसरी प्रत पासवर्ड घालून इंटरनेटवरील साठवणीत जाते. तिसरी दर तीन महिन्यांनी जालन्याला जाते आणि तेथली जुनी परत येते. महिन्यातून एकदा सूनबाई त्यांतील एखादे खाते खरोखर उघडून पाहतात. कारण न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली गल्ल्यातली रक्कम. ३१ मार्चला सारे खाते एकदम तपासले जाते. त्याच तारखेला जगभर बॅकअप दिन पाळतात, हे नातवाने सांगितले तेव्हा बाबूजी हसले. "आपला तर तो शंभर वर्षांपासून आहे," ते म्हणाले.

जुनी डिस्क भंगारात दिलेली नाही. तिच्यात घरातल्या साऱ्यांचे पॅन आणि आधार होते. देण्याआधी तबकड्यांना भोके पाडा, असे तरुणाने सांगितले होते. बाबूजींनी ती लाल वह्यांच्या पेटीत ठेवली.

उरलेली बारा ध्वनिमुद्रणे मात्र पेटीत नाहीत. ती जालन्याला आहेत, पुण्याला आहेत, वैजापूरला चुलत घरी आहेत. या उन्हाळ्यात गच्चीवर पापड घालताना सूनबाईंनी फोन कठड्यावर ठेवला होता. आवाज सांगत होता, पापडखार आधी थोडाच घाल, चव पाहून मग वाढव. बाबूजी सावलीत खुर्ची टाकून बसले होते. ध्वनिमुद्रण संपले तेव्हा ते म्हणाले, "पुन्हा लाव."

सूनबाईंनी पुन्हा लावले.